अब्बांनी गरवायला कुणाला शिकवलं

माझा नवरा मासे धरतो, त्याला 'हॉबी' म्हणतात. मी धरले असते तर मला काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. खाडीवरची. माझे मोठे दीर हा शब्द उच्चारताना नाक किंचित वर ओढतात, वास आल्यासारखं. 'खाडीवरच्या माणसांत सोयरीक करायची म्हणजे विचार करूनच', असं ते आजही म्हणतात आणि मग माझ्याकडे बघून 'तुमची गोष्ट वेगळी' अशी पुस्ती जोडतात. माझी गोष्ट अजिबात वेगळी नाही. ती वेगळी करून ठेवली गेली, आणि कुणी केली ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. मी शांत बाई नाही. ऑफिसातही माझ्याबद्दल हेच मत आहे, आणि त्या बाबतीत लोकांचं काही चुकत नाही.

आम्ही दुबईत अल मनखूलला राहतो. मी जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघते, नवरा बांधकाम कंपनीत खरेदी बघतो. उन्हाळ्याचे चार महिने आम्ही घर, गाडी आणि ऑफिस या तीन एसींमधून फिरतो. सप्टेंबर संपत आला, सकाळच्या हवेतला चिकटपणा गेला, की नवरा कपाटाच्या वरच्या फळीवरून आपलं सामान काढतो. काठ्या, चरख्या, खोटे रबरी मासे, चष्मा, टोपी आणि बूट. पाण्यात चालायला वेगळे बूट मिळतात हे मला लग्नानंतर कळलं. ते साडेचारशे दिरहॅमचे आहेत, म्हणजे दहा हजारांच्या वर, आणि हा आकडा त्याने मला स्वतःहून दोनदा रुपयांत करून सांगितला आहे.

मग दर शनिवारी ही मंडळी पहाटे उठून उम्म अल क्वैनच्या लगूनवर जातात. लगून म्हणजे खाडीच. समुद्राचं पाणी आत शिरून पसरलेलं, कडेला तिवरं, मध्ये वाळूचे उथळ पट्टे आणि त्यांतून जाणारे खोल पाट. त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मासे धरायचे. याला ते 'वेड फिशिंग' म्हणतात, इंग्रजीतलं वेड, म्हणजे पाण्यातून चालणं. मंडळी म्हणजे माझा नवरा, मोठे दीर, ज्यांचं दुबईतल्याच करामा भागात कापडाचं दुकान आहे, आणि नवऱ्याचा ऑफिसातला मित्र, मूळचा वसईचा ख्रिश्चन, हसरा आणि बडबड्या, मराठी कळत असलं तरी हिंदीत बोलणारा. मागून दुसऱ्या गाडीतून आम्ही यायचं. जाऊबाई, मी, माझी मुलगी, चटई, शेगडी, तांदळाच्या भाकऱ्या, चहाचा थर्मास. नवरा पाण्याकडे निघताना दर वेळी वळून मला म्हणायचा, "तू इथेच बस हं. काठाशी पण जाऊ नको, घसरडं आहे." कारण मला पाण्याची भीती वाटते, असं सगळ्यांना माहीत होतं.

सतरा वर्षं मला पाण्याची भीती वाटत होती. जुमेऱ्याच्या बीचवर नवरा माझा हात घट्ट धरून मला घोट्याएवढ्या पाण्यात न्यायचा, "घाबरू नको, मी आहे," म्हणायचा. मुलगी पोहायला शिकली तेव्हा तिच्या कोचला म्हणाली, "माय मॉम इज स्केअर्ड ऑफ वॉटर." कोचने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला त्याला तिथेच पाण्यात ढकलावंसं वाटलं.

आता खरं काय ते सांगते. मी रत्नागिरीकडच्या एका खाडीवरच्या गावातली. माझे अब्बा तरीवर होते, म्हणजे या काठाची माणसं त्या काठाला नेणाऱ्या होडीवर. तरीच्या पगारात घर भागत नसे, म्हणून सकाळ-संध्याकाळ ते मासे धरत. कधी पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, बहुतेक वेळा गरीने. गरीने मासे धरण्याला आमच्याकडे 'गरवणं' म्हणतात. दोरी, शिसं, गळ, बस्स. काठी नाही, चरखी नाही. दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली आणि टोक तर्जनीवरून सोडलेलं. माशाने आमिष हुंगलं तरी बोटाला कळलं पाहिजे. पोटापुरते ठेवून उरलेले मासे अम्मी बाजारात बसून विकायची.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला चिखलाची किळस होती. पाय रुतला की रडायचा, कुर्ली दिसली की तरीच्या फळीवर चढून बसायचा. अब्बांनी एकदा-दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग पावसाळा सरल्यावर, भात पिवळं पडायच्या दिवसांत, जेव्हा खाडीतलं गढूळ गोडं पाणी निघून जातं आणि खारं पाणी चढायला लागतं, मासा परत आत येतो, तेव्हा ते मला घेऊन गेले. मी नऊ वर्षांची होते. परकर कमरेला खोचून त्यांनी मला पाण्यात उभं केलं. "आता हलायचं नाही," म्हणाले. "तू आल्याने जो गाळ उठला तो बसू दे. पाण्याला तुझी सवय होऊ दे. मग दोरी सोड." मी उभी राहिले. माझ्या पोटऱ्यांना बारीक मासे टोचे मारत होते आणि मला हसू येत होतं, पण मी हलले नाही. उन्हाकडे तोंड करायचं म्हणजे सावली मागे पडते. भरतीला मासा सगळीकडे पांगतो, तेव्हा घाई करायची नाही. सुकतीला, म्हणजे पाणी उतरायला लागलं की, तो पाटाने बाहेर निघतो, तेव्हा पाटाच्या तोंडाशी उभं राहायचं. हे सगळं त्यांनी मला शिकवलं. भावाला नाही.

अकरा वर्षांची असताना एक मोठी तांबोशी लागली. ती तिवरांच्या मुळांकडे धावली आणि दोरी माझ्या तर्जनीत शिरली. अब्बा दूर होते, ओरडले, "सोड, सोड." मी सोडली नाही. दुसऱ्या हाताला दोरीचा वेढा घेतला आणि मागे मागे सरकत काठावर बसले. अब्बा आले तोवर पाणी लाल झालं होतं. त्यांनी डोक्याचं फडकं फाडून बोट बांधलं, मासा खांद्यावर घेतला आणि सबंध गावातून मिरवत नेला. "माझ्या बायने धरली," असं ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते. अब्बा मला 'बाय' म्हणत. त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढे पगारवाढ मिळाल्यावरही कधी वाटलं नाही.

मग माझं वय झालं. म्हणजे लग्नाचं. एक दिवस मी दोरी घेऊन निघाले तर अब्बा म्हणाले, "आता पुरे." का ते सांगितलं नाही. मला बघायला माझ्या नवऱ्याकडचे येणार होते. त्यांचं चिरेबंदी घर, दोन भाऊ दुबईत, बंदरावर जुना व्यापार. त्या दिवशी पहाटेच अब्बांनी अंगणातलं जाळं, पाग, दोऱ्या सगळं उचलून शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकलं. घरभर लोबान फिरवला. अम्मीला बाजारात बसू दिलं नाही. आणि पाहुणे चहा पीत असताना माझ्या होणाऱ्या सासूने हसत हसत विचारलं, "खाडीकाठची मुलगी, चिखलात तर नाही ना उतरत?" मी आत ट्रे घेऊन उभी होते. अब्बा म्हणाले, "छे हो. तिला पाण्याची फार भीती." माझ्या बोटावरच्या वणाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, विळी लागली.

अब्बांची बाजू मला कळत नाही असं नाही. सोयरीक मोडली असती. चांगलं स्थळ होतं, माणूस चांगला होता, आणि तो निघालाही चांगला. पण तेच काम माझ्या नवऱ्याने साडेचारशे दिरहॅमचे बूट घालून केलं की फोटो निघतात, आणि मी अनवाणी केलं की लोबान फिरवावा लागतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इतकी वर्षं मी मूग गिळून बसले ती केवळ अब्बांसाठी. ते खोटं त्यांचं होतं. ते मोडलं तर माझे अब्बा खोटारडे ठरणार होते, माझ्या सासरच्यांसमोर.

गेल्या वर्षी अम्मी गेली. भाऊ कुवेतला असतो, त्याच्या खोलीत चार माणसं, म्हणून अब्बा माझ्याकडे आले, व्हिजिट व्हिसावर, दोन महिन्यांसाठी. नेमका सप्टेंबर. फ्लॅटच्या खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवसभर बसायचे आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. एकदा म्हणाले, "एवढा समुद्र आहे म्हणतात, दिसत कसा नाही?" मला भडभडून आलं. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अब्बा, शनिवारी लगूनला चला. तुम्हाला मजा येईल." अब्बांचा हात जेवता जेवता थांबला. मला वाटलं, आता वेळ आली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "अब्बा, शनिवारी आपण दोघं उतरू. मी माझ्या नावाचा मासे धरायचा परवाना काढून ठेवलाय, मोबाईलवर मिळतो."

"तू कशाला," ते म्हणाले.

"कशाला म्हणजे? तुम्ही आहात, मी आहे, पाणी आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की हिला मी शिकवलंय. बाकी मी बघते."

"जावई काय म्हणतील?"

"काही म्हणत नाही तो. सतरा वर्षं झाली, अब्बा. आता मला कोण परत पाठवणार आहे?"

त्यांनी नळ घट्ट बंद केला. मग म्हणाले, "बघू. इन्शाल्ला." इन्शाल्ला या शब्दावर या देशात लोक इमारती बांधतात. मीही बांधली. माझं म्हणणं एवढंच होतं, त्यांच्या तोंडून एक वाक्य. मला ते हवं होतं, आणि किती हवं होतं ते त्यांना माहीत होतं.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा भरती भरत आली होती. नवऱ्याने अब्बांना आपले जुने बूट दिले, त्यांनी ते बाजूला ठेवले आणि लेंगा वर दुमडून अनवाणी उतरले. पाण्यात पाय पडला तसा त्यांचा चेहराच बदलला. वसईवाल्याने त्यांना काठी देऊ केली, त्यांनी नको म्हणून खिशातून दोरीचं गुंडाळं काढलं. गावाहून आणलं होतं, मला न सांगता. मी चटईवरून बघत होते. ते उभे राहिले, हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एक मासा काढला, आमच्याकडचा पालू, इथल्या बाजारात त्याला शाम म्हणतात. मोठा नव्हता. पण तिघेही पुरुष टाळ्या वाजवायला लागले. "यल्ला चाचा!" वसईवाला ओरडला. "क्या बात है!" अब्बा लाजले. त्यांना इतकं खूश मी अम्मी गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, तेव्हा मला राग नव्हता. मी वाट बघत होते.

चहाला सगळे वर आले. अब्बा मध्ये, बाकीचे भोवती. वसईवाला म्हणाला, "चाचा, हम लोग तीन साल से आ रहे हैं, ऐसा टेक्निक नहीं देखा. घर में और किसी को सिखाया के नहीं?"

मी थर्मास हातात घेऊन उभी होते. हाच प्रश्न. मी विचारायला लावला नव्हता, आपोआप आला होता. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सिखाया ना," ते म्हणाले. "माझ्या पोराला. नऊ वर्षांचा असताना पाण्यात उभा केला त्याला. म्हटलं, हलायचं नाही. मासे पायाला टोचायचे, हसू यायचं त्याला, पण हलायचा नाही."

मोठे दीर मान हलवत होते. अब्बा रंगात आले. गाळ बसू द्यायचा, सावली मागे टाकायची, सगळं सांगितलं. मग तांबोशी सांगितली. "दोरी बोटात शिरली, मी सोड सोड ओरडतोय, पण पठ्ठ्याने सोडली नाही." गावातून मिरवत नेला मासा. "शेर का बच्चा," वसईवाला म्हणाला. अब्बा हसले. शब्दनशब्द खरा होता. फक्त त्यातून मला काढून तिथे कुर्ली बघून रडणारा माझा भाऊ बसवला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहाचा कप त्यांच्यापुढे धरला, मुद्दाम उजव्या हाताने, तर्जनी वर करून, वण त्यांच्या डोळ्यांपुढे येईल अशी. त्यांनी कप घेतला आणि फुंकर मारायला लागले.

मी थर्मास खाली ठेवला. ओढणी कमरेला बांधली, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, नवऱ्याची दुसरी काठी उचलली, डब्यातली कोळंबी मुठीत घेतली आणि चालायला लागले.

"अगं, कुठे? तुला भीती..." नवरा अर्धवट उठला.

"नाही वाटत."

"तिला आवर," मोठे दीर त्याला म्हणाले. मला नाही, त्याला. जाऊबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या, हसत होत्या की घाबरल्या होत्या कळलं नाही. मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट फिशिंग. व्हाय आर यू सो अँग्री?" तिला काय सांगणार. मी पाण्यात शिरले.

पाणी उतरायला लागलं होतं. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. सलवार भिजून पायांना चिकटली. तळाची वाळू पायाखाली कशी सरकते ते मला इतक्या वर्षांनीही माहीत होतं, डोक्याला नाही तर पायांना. तिवरांच्या कडेला एक पाट बाहेर येत होता, त्याच्या तोंडाशी गेले. चरखी मला वापरता येत नव्हती. एकदा दोरी सोडली तर ती गुंता होऊन तशीच चरखीवर बसली. मागे कुणीतरी हसलं. मी शिवी हासडली, मराठीत, आणि काठी बगलेत धरून दोरी हाताने ओढून काढली, तर्जनीवर घेतली. पण मला उभं राहता येईना. राग इतका होता की माझे पाय थरथरत होते आणि पाण्यावर माझ्याभोवती बारीक लाटा उठत होत्या. पहिला मासा आला, हुंगला, मी रागात झटका दिला आणि तो गेला. दुसराही तसाच गेला. गाळ बसत नव्हता, कारण गाळ मीच उठवत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मागचे आवाज कमी झाले. सूर्य चांगला वर आला होता. मी अब्बांना मनातल्या मनात जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, अम्मीलाही बोलले, भावालाही सोडलं नाही, बिचारा कुवेतमध्ये झोपला असेल. शेवटी बोलायला काही उरलं नाही. तेव्हा पाय थांबले. आणि मग तिसऱ्या वेळी बोटाला जे जाणवलं ते जोरात नव्हतं, दार ढकलून बघितल्यासारखं होतं. मी वाट पाहिली. पुन्हा ढकललं. मग दोरी चालायला लागली आणि मी धरली.

पालूच होता, अब्बांच्या माशापेक्षा बराच मोठा, पाठीवर काळपट, पंख पिवळे. मी त्याला पोटाशी धरून काठावर आले. ओली, केस तोंडावर, कुर्त्यावर खवले. नवरा पाण्यात घोट्यापर्यंत येऊन उभा होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, तो नुसता बघत होता. वसईवाल्याने मोबाईल काढला. "भाभी," तो म्हणाला, "सच बोलो, ये किसने सिखाया?"

सगळे थांबले. मोठे दीरही माझ्याकडे नाही, अब्बांकडे बघत होते. मी स्वतः सांगू शकले असते. 'यांनी शिकवलं, आणि मघाशी सांगितलं ते खोटं होतं.' एवढंच बोलायचं होतं. पण मग मी माझ्या बापाला जावयासमोर, जावयाच्या भावासमोर खोटं पाडलं असतं, आणि ते माझ्याच्याने होत नाही, कितीही चिडले तरी. अब्बांना हे पक्कं माहीत होतं. माझ्या याच चांगुलपणाला टेकून ते सतरा वर्षं निवांत बसले होते. सगळ्यात जास्त चीड मला याची आली. मी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनीही पाहिलं.

"बघून बघून शिकली असेल," अब्बा म्हणाले. "भावाचं."

"खलास," वसईवाला हसला. "फॅमिली में ही है." आणि त्याने फोटो काढला. मोठ्या दिरांचा चेहरा सैल झाला. भावाचं बघून शिकली म्हणजे ठीक. त्यात चिखल नव्हता.

मी मासा घेऊन शेगडीपलीकडच्या दगडावर बसले आणि खवले काढायला लागले. नवरा येऊन शेजारी उकिडवा बसला.

"तुला भीती नव्हती? कधीच?"

"नाही."

"मग बीचवर मी हात धरायचो तेव्हा?"

"तेव्हा बरं वाटायचं," मी म्हटलं. ते खरंच होतं. तो माझ्या बोटाकडे बघत होता. सुरी चालवताना वण पांढरा होतो. "विळी म्हणाले होते," तो हळूच म्हणाला. मी मासा दुसऱ्या कुशीवर वळवला. तो मूर्ख नाही. पण त्याला कळून मला काय उपयोग? त्याला अंदाज आला म्हणजे अब्बांनी सांगितलं असं होत नाही.

जेवण झालं. माझा मासा सगळ्यांनी खाल्ला, अब्बांनी खाल्ला नाही, पोट भरलंय म्हणाले. मग ऊन लागतंय म्हणून गाडीत जाऊन बसले. गाडी चालू होती. मी बर्फाची पेटी ठेवायला मागे गेले तेव्हा त्यांनी काच खाली केली.

"बाय."

मी पेटी धरून उभी राहिले.

"दोरी तू सोडली नव्हतीस," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "हाड दिसत होतं. मी ओरडत होतो तरी सोडली नव्हतीस. मला सगळं आठवतं. तू काय समजतेस, मी विसरलो?"

विसरले असते तर बरं झालं असतं. म्हातारा माणूस, अम्मी गेलीय, गोष्टींची सरमिसळ झाली, असं मी स्वतःला समजावलं असतं. पण त्यांना सगळं आठवत होतं, आणि आठवत असतानाच त्यांनी मला दोनदा बाहेर काढलं होतं.

"मला काय सांगता, अब्बा," मी म्हटलं. "मला माहीत आहे. मी होते तिथे. त्यांना सांगा."

त्यांनी चटईकडे पाहिलं. तिथे कशावरून तरी हसणं चाललं होतं. मोठे दीर आडवे झाले होते, वसईवाला सगळ्यांना फोटो दाखवत होता. वीस पावलंही नव्हती. अब्बांनी गाडीचं दार उघडलं आणि एक पाय वाळूवर ठेवला. मी त्यांना वाट द्यायला पेटी घेऊन बाजूला सरले. खरोखरच सरले. ते तसेच बसून राहिले, एक पाय आत, एक बाहेर, हात दारावर. ओठ हलत होते, जणू काय म्हणायचं ते आधी म्हणून बघत होते.

मग त्यांनी पाय आत घेतला.

"ऊन फार आहे," ते म्हणाले.

मी आत वाकून एसी वाढवला, वारा त्यांच्या तोंडावर येईल अशी जाळी वळवली, पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. मग दार आपटून लावलं. चटईकडे गेले नाही. काठी उचलली आणि पुन्हा पाण्यात उतरले, सगळ्यांच्या देखत, कमरेपर्यंत. काचेआडून ते बघत असणार. बघू देत.